इथे अडलंय?

"मॅडम, ट्रॅक रिकामाच दिसतोय."

2014 च्या पावसाळ्यात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. सांगणारा मुलगा परभणीकडचा, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होता. मर रोगाची बुरशी हरभऱ्याच्या मुळांना लागली की रोपातली कुठली जनुकं कामाला लागतात, हे तो शोधत होता. प्रयोग झाला होता, नमुने सीक्वेन्सिंगला जाऊन आले होते, आणि आलेला डेटा त्याने मी बसवलेल्या जीनोम ब्राउझरमध्ये टाकला होता. ज्या जनुकावर त्याची सगळी भिस्त होती, नेमकी तिथेच कोरी पांढरी पट्टी. वहीत त्याने लिहूनही टाकलं होतं, 'या जनुकाची हालचाल नाही.' त्या नोंदीची तारीख चार दिवसांपूर्वीची होती. ते चार दिवस तो माझ्या दारावरून जात-येत होता, पण विचारायला आत आला नव्हता.

मी त्याच्या फाइलीच्या पहिल्या काही ओळी उघडल्या. आमच्या ब्राउझरमध्ये हरभऱ्याच्या आठ गुणसूत्रांची नावं 'सीए1' ते 'सीए8' अशी होती. त्याच्या फाइलीत तीच गुणसूत्रं 'एनसी'नं सुरू होणाऱ्या लांबलचक क्रमांकांनी आली होती, कारण त्याने संदर्भाचा जीनोम दुसऱ्या भांडारातून उतरवून घेतला होता. ब्राउझर नावावर नाव जुळवतो. न जुळल्यास तो तक्रार करत नाही, नुसती रिकामी जागा दाखवतो. आम्ही फाइलीतली नावं बदलली, अनुक्रमणिका पुन्हा तयार केली आणि पान ताजं केलं. पट्टी वरपासून खालपर्यंत तांबड्या-निळ्या काड्यांनी भरून गेली. ते जनुक जोरात कामाला लागलेलं होतं. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

मुलगा आनंदाने गेला. मला मात्र त्या चार दिवसांनी सोडलं नाही.

मी जीवशास्त्रातली नाही. संगणकाची पदवी घेऊन एका मोठ्या कंपनीत काही वर्षं काढली आणि मग पुण्यातल्या एका संशोधन संस्थेत आले, तेव्हा जनुक आणि गुणसूत्र यांतला फरकही मला नीट सांगता आला नसता. माझं काम सर्व्हर सांभाळणं आणि संशोधकांना लागणारी साधनं बसवून देणं. त्यातलं एक साधन जेब्राउझ. ज्यांनी जीनोम ब्राउझर पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. हरभऱ्याचा जीनोम सुमारे 74 कोटी अक्षरांचा आहे. ए, टी, जी, सी ही चारच अक्षरं, पण पानावर तीन हजार अक्षरं छापली तरी जवळजवळ अडीच लाख पानं होतील. 2013 मध्ये 'सीडीसी फ्रंटियर' या काबुली वाणाचा मसुदा-जीनोम प्रसिद्ध झाला, त्यात 28,269 जनुकं नोंदवलेली होती. एवढ्या मजकुरात हिंडायचं कसं? तर नकाशासारखं. आडवी पट्टी म्हणजे गुणसूत्र, तिच्याखाली एकेक थर: जनुकं कुठे आहेत, आपल्या नमुन्यातले तुकडे कुठे बसले, दोन वाणांत अक्षर कुठे वेगळं आहे. या थरांना ट्रॅक म्हणतात. आधीच्या जीब्राउझमध्ये प्रत्येक चित्र सर्व्हर काढून पाठवायचा, आणि सरकवलं की वाट बघा. जेब्राउझ 2009 मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून पुढे आला. त्याने चित्र काढण्याचं काम वापरणाऱ्याच्याच संगणकावर सोपवलं, त्यामुळे बोटाने नकाशा ओढावा तसं गुणसूत्र सरकू लागलं. साधन सुंदर होतं. तेव्हाही वाटायचं, आजही वाटतं.

त्यात 'हेल्प' नावाचा मेनू होताच. पट्टी कशी ओढायची, मोठी-लहान कशी करायची, ट्रॅक कसा लावायचा, जनुक कसं शोधायचं, हे त्यात व्यवस्थित लिहिलेलं होतं. पण ती माहिती यंत्राची होती. आमच्या मुलांचं अडायचं ते त्यांच्या स्वतःच्या कामापाशी. आमच्याकडची गुणसूत्रांची नावं कोणती, जीनोमची आवृत्ती कोणती, आमच्या सर्व्हरवर फाइल कुठे ठेवायची, हे बर्कलीत बसून कुणी कसं लिहावं? ते लिहायचं काम माझं होतं आणि मी ते केलेलं नव्हतं.

म्हणून आधी पुस्तिका लिहिली. बत्तीस पानं, चित्रांसकट. छापून घेतली, स्पायरल करून प्रत्येक प्रयोगशाळेत एक प्रत ठेवली. दोन महिन्यांनी चक्कर मारली तेव्हा एक प्रत मॉनिटरखाली उंचीसाठी दिलेली होती आणि बाकीच्या कोऱ्या करकरीत. मला राग आला. वाचायचं नाही आणि मग चार-चार दिवस अडून बसायचं, हा काय प्रकार, असं मी एका ज्येष्ठ शास्त्रज्ञांपाशी बोलूनही दाखवलं. ते म्हणाले, "अगं, तुझ्या पुस्तकातलं नेमकं पान उघडायला त्याला आपल्या अडचणीचं नाव ठाऊक हवं. ते ठाऊक असतं तर तो अडला असता का?"

मी परत येऊन पुस्तिकेची अनुक्रमणिका पाहिली. 'संदर्भ-अनुक्रमांच्या नामकरणातील विसंगती' असं एका प्रकरणाचं नाव होतं. परभणीचा तो मुलगा 'ट्रॅक रिकामाच दिसतोय' म्हणाला होता. माझ्या बत्तीस पानांत 'रिकामा' हा शब्द एकदाही नव्हता.

त्या दिवशी एक शंभर पानी वही आणली. टेबलापाशी कुणी प्रश्न घेऊन आलं की उत्तर देण्याआधी त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहून घ्यायचं, असं ठरवलं. हे वाटतं तितकं सोपं नाही. ऐकता ऐकता मन त्याचं भाषांतर करत असतं. मुलगी म्हणते, "माझं जनुक उलटं दिसतंय", आणि हात लिहू पाहतो, 'ऋण धाग्यावरील जनुकाची दिशा'. मी स्वतःला दटावून 'उलटं' हाच शब्द लिहीत गेले. "सगळं करडं झालंय." "काल दिसत होतं, आज नाही." "पेपरमध्ये दिलेल्या जागेवर गेले तर तिथे भलतंच जनुक आहे." "फिरत राहतंय नुसतं." दिवाळीपर्यंत चौदा पानं भरली, आणि पाहिलं तर सगळे मिळून वेगळे असे नऊच प्रश्न होते. तेच तेच, वेगवेगळ्या तोंडांनी.

हे नऊ प्रश्न जिथे पडतात तिथेच, म्हणजे ब्राउझरच्या मेनूतच, दिसले पाहिजेत हे मला तेव्हा कळलं. मग मी जी गोष्ट करायला नको ती केली. जेब्राउझची मूळ फाइल उघडून मेनूच्या जागी माझ्या ओळी घुसवल्या. अर्ध्या तासात मेनू दिसू लागला. सहा महिन्यांनी नवी आवृत्ती आली, मी ती बसवली आणि माझ्या ओळी गेल्या. कुठे काय घुसवलं होतं याची नोंदही मी ठेवली नव्हती. दुसऱ्याच्या भिंतीत खिळा ठोकावा आणि त्याने भिंत रंगवायला काढली की आपली चौकट कुठे गेली म्हणून शोधत बसावं, तसं झालं.

खरा रस्ता प्लगइनचा होता आणि तो जेब्राउझ लिहिणाऱ्यांनी आधीच करून ठेवलेला होता. 'प्लगइन्स' नावाच्या फोल्डरमध्ये आपलं फोल्डर करायचं, त्यात एक मुख्य जावास्क्रिप्ट फाइल ठेवायची आणि सेटिंगच्या फाइलीत प्लगइनचं नाव लिहायचं. मूळ प्रोग्रामला हात लागत नाही. मेनूत ओळ घालायला 'ॲडग्लोबलमेनूआयटम' नावाचं फंक्शन होतं. त्याला कुठला मेनू ते सांगा, ओळीवर काय लिहायचं आणि टिचकी मारल्यावर काय करायचं ते सांगा, झालं. माझं पहिलं प्लगइन चाळीस ओळींचं होतं.

आणि ते कधी चालायचं, कधी नाही. माझ्या संगणकावर मेनूत ओळ दिसायची, वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत दिसायची नाही. तिथेच दोनदा पान ताजं केलं की एकदम दिसायची. चार दिवस (पुन्हा चारच) मी चुका हुडकत राहिले. कोडमध्ये चूक नव्हतीच. प्लगइन आधी पोचत होतं आणि मेनू अजून उभाच राहिलेला नव्हता. मांडव उभा राहायच्या आधीच मी तोरण घेऊन पोचत होते. जेब्राउझमध्ये यासाठी 'आफ्टरमाइलस्टोन' अशी सोय होती. ब्राउझर उभा राहताना एकेक टप्पा पार झाल्याचं जाहीर करायचा आणि आपण सांगायचं, हा टप्पा झाल्यावर माझं काम करा. मी 'इनिटव्ह्यू' या टप्प्याची वाट पाहायला सांगितलं आणि ओळ प्रत्येक वेळी, प्रत्येक संगणकावर दिसू लागली. माझ्या संगणकावर आधीही दिसत होती ती सर्व्हर शेजारच्याच खोलीत होता म्हणून. तेव्हापासून कुठलीही गोष्ट 'माझ्याकडे चालतंय' म्हणून मी हातावेगळी केलेली नाही. सगळ्यात जुना, सगळ्यात हळू संगणक जिथे असेल तिथे जाऊन पाहून येते.

ओळीवर काय लिहायचं यावर बराच खल झाला. 'वारंवार विचारले जाणारे प्रश्न' असं एकाने सुचवलं. मी 'इथे अडलंय?' लिहिलं. मराठीत, कारण आमच्याकडे येणारी बहुतेक मुलं राज्यातल्या कृषी आणि विज्ञान महाविद्यालयांतून आलेली. पेपर इंग्रजीत वाचतात, पण अडतात मराठीत. पहिल्या दिवशी मेनूत देवनागरीच्या जागी स्वरचिन्हं लावलेली युरोपीय अक्षरं ओळीने उभी राहिली. फाइल मी युनिकोडमध्येच जतन केली होती, पण सर्व्हर ती पाठवताना जुन्याच पद्धतीची म्हणून सांगत होता. सर्व्हरच्या सेटिंगमधली एक ओळ बदलली आणि अक्षरं जागेवर आली. बंगाली आणि तेलुगू मुलंही होती, म्हणून प्रत्येक उत्तराखाली इंग्रजी उत्तर ठेवलं. एकाच भाषेत ठेवायचा आग्रह मी धरला नाही आणि ते बरोबरच केलं.

आता माझ्या हातून झालेली एक मोठी चूक सांगते. तिच्याबद्दल मी फार कमी वेळा बोलले आहे.

जीनोममध्ये जागा मोजायच्या दोन पद्धती आहेत. हाताची बोटं मोजताना आपण बोटांवर आकडे ठेवतो: एक, दोन, तीन. पहिली पद्धत तशीच, पहिल्या अक्षराचा आकडा 1. ब्राउझरचा पडदा याच पद्धतीने आकडे दाखवतो आणि जीएफएफ3 या प्रकारच्या फाइलीतही तेच असतात. दुसरी पद्धत आकडे अक्षरांवर न ठेवता फटींत ठेवते. पहिल्या अक्षराच्या आधीची जागा 0, पहिल्या आणि दुसऱ्यामधली 1. बेड नावाच्या फाइली या पद्धतीने चालतात. म्हणून पडद्यावर जे जनुक 5,001 पासून 5,900 पर्यंत दिसतं, ते बेडमध्ये लिहिताना 5,000 आणि 5,900 असं लिहायचं. सुरुवातीतून एक वजा, शेवट तसाच. लांबी दोन्हीकडे 900.

'आकडे एकाने चुकतायत' हा वहीतला सहावा प्रश्न होता. त्याचं उत्तर मी संध्याकाळी घाईने लिहिलं आणि 'एक वजा करा'च्या जागी 'एक मिळवा' असं लिहून गेले. कुणाला दाखवलं नाही, करून पाहिलं नाही. मेनूत टाकलं आणि घरी गेले.

एका पीएचडीच्या विद्यार्थिनीने ते वाचलं आणि सांगितलं तसंच केलं. एकच एक्सॉन असलेलं, म्हणजे एकाच सलग तुकड्याचं, सरळ धाग्यावरचं जनुक होतं. तिने सुरुवातीच्या आकड्यात एक मिळवला, फाइल केली, अक्षरं काढून घेतली आणि त्यांचं प्रथिनात रूपांतर केलं. प्रथिनाची साखळी दर तीन अक्षरांना एक कडी अशी वाचली जाते आणि सुरुवात एटीजीने होते. तिच्या फाइलीतून पहिली दोन अक्षरं गळली होती. सुरुवात जीपासून. तिथून पुढचं प्रत्येक त्रिक सरकलं, आणि साखळीत जागोजाग थांबण्याच्या खुणा, म्हणजे तारे, दिसू लागले. असे तारे दिसले की जनुक निकामी आहे असा अर्थ होऊ शकतो. तिने तसाच घेतला. आपल्या अभ्यासातल्या वाणात हे जनुक मेलेलं आहे आणि म्हणूनच ते वाण मर रोगाला बळी पडतं, अशी मांडणी तिने तीन आठवडे खपून उभी केली. सेमिनारच्या स्लाइड तयार होत्या.

सेमिनारच्या आदल्या दिवशी ती फक्त एक चित्र मोठं कसं छापायचं ते विचारायला माझ्याकडे आली. पडद्यावर जनुक होतं. मी सहज जवळ जाऊन पाहिलं, तर संदर्भाच्या ओळीत एटीजी ठळक दिसत होतं आणि तिच्या हातातल्या कागदावर पहिलं अक्षर जी. मी विचारलं, "ही अक्षरं कशी काढलीस?" ती म्हणाली, "तुमच्या मदतीतच दिलंय की, मॅडम."

मी मेनू उघडून माझं वाक्य वाचलं. त्या क्षणी पोटात काय झालं ते लिहिता येत नाही. तिला लगेच सांगितलं, चूक माझी आहे. तिच्या मार्गदर्शकांना भेटून तेच सांगितलं. सेमिनार पुढे ढकलला गेला. ती मला एक शब्दही बोलली नाही, पण पुढे बराच काळ ती मेनू उघडत नसे. थेट येऊन विचारायची आणि मी दिलेलं उत्तर स्वतः पडताळून पाहायची. ते योग्यच होतं.

पुस्तकातली चूक माणूस शंकेने वाचू शकतो. मदतीकडे तो अडलेला असताना येतो, आणि अडलेल्याकडे शंका घ्यायला जागा नसते. म्हणून त्यानंतर मी तीन गोष्टी केल्या. प्रत्येक उत्तराखाली लिहिल्याची तारीख आणि तपासणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीचं नाव आलं. आकडे असलेलं एकही उत्तर केलेल्या उदाहरणाशिवाय ठेवलं नाही. आणि त्या सहाव्या उत्तरात शब्द जवळजवळ काढूनच टाकले. त्या जागी दहा चौकोनांचं चित्र आहे, प्रत्येक चौकोनात एक अक्षर, चौकोनांच्या पोटात निळे आकडे, चौकोनांमधल्या रेघांवर तांबडे आकडे. निळे म्हणजे पडदा, तांबडे म्हणजे बेड. ते चित्र पाहून चुकलेलं कुणी मला आजवर भेटलेलं नाही.

मदत लिहिण्याबद्दल माझं मत बदलायला आणखी एक गोष्ट कारण झाली, आणि ती प्लगइनमुळेच शक्य झाली. कागदावरच्या मदतीला वाचणारा कुठे उभा आहे ते ठाऊक नसतं. प्लगइन मात्र ब्राउझरच्या आत राहतं. कुठलं गुणसूत्र उघडलं आहे, कितव्या अक्षरापासून कितव्यापर्यंत दिसतंय, हे त्याला विचारता येतं. म्हणून 'ट्रॅक रिकामा का दिसतो?' वर टिचकी मारली की पहिली ओळ अशी येऊ लागली: 'तुम्ही आत्ता सीए4 वर आहात. तुमच्या फाइलीत हे गुणसूत्र नेमकं याच नावाने आहे का ते पाहा.' सीए4 हा शब्द प्लगइन स्वतः भरायचं. एवढ्याशा बदलाने काय व्हावं? पण झालं. 'नामकरणातील विसंगती' वाचून ज्यांना काही बोध होत नव्हता, ते नाव डोळ्यांसमोर आल्यावर फाइल उघडून बघू लागले.

दुसरी ओळ घातली, 'हा पडदा मला दाखवा'. याआधी कुणी फोन केला की संवाद असा चालायचा: "वर डावीकडे काय दिसतंय?" "काहीतरी आकडे." "कोणते?" "थांबा हं, हललं." तेव्हाच्या जेब्राउझचा पत्ताच असा होता की त्यात जागा आणि लावलेले ट्रॅक दोन्ही यायचे. टिचकी मारली की तो पूर्ण पत्ता कॉपी व्हायचा. मुलाने तो पाठवला की त्याच्यासमोर जे आहे तेच माझ्यासमोर. एकदा राहुरीकडून आलेल्या एका संशोधकांनी तो पत्ता पाठवून विचारलं होतं, की 'विजय' आणि 'दिग्विजय' या वाणांत या जागी एक अक्षर वेगळं दिसतंय, हे खरं मानायचं का. पडदा उघडला तर त्या जागेवर एका वाणाचे मिळून तीनच तुकडे बसलेले. तीन तुकड्यांवरून काही ठरवू नका, एवढंच सांगावं लागलं. फोनवर तेच समजावायला अर्धा तास गेला असता.

मधल्या वर्षांत प्लगइनने त्रासही भरपूर दिला. एका टप्प्यानंतर असं झालं, की प्लगइन टाकलं की अख्खा ब्राउझर नव्याने बांधून घ्यावा लागे, नुसती फाइल टाकून भागत नसे. पहिल्यांदा ते कळायला माझे दोन दिवस गेले. मग जेब्राउझ 2 आला. तो संपूर्णपणे नव्याने लिहिलेला होता, रिॲक्ट आणि टाइपस्क्रिप्टमध्ये. जुनं प्लगइन तिथे कवडीच्या कामाचं नव्हतं. 2022 मध्ये आम्ही सर्व्हर बदलला तेव्हा मी सगळा कोड टाकून दिला. नव्यात मेनूला ओळ जोडायची पद्धत वेगळी, पण कल्पना तीच. प्लगइन उभं राहताना मूळ मॉडेलला सांगायचं, 'हेल्प' मेनूच्या शेवटी हे जोड. सेटिंगच्या फाइलीत प्लगइनचं नाव आणि पत्ता दिला की झालं, ब्राउझर पुन्हा बांधावा लागत नाही.

कोड गेला तरी मला वाईट वाटलं नाही, कारण उत्तरं मी आधीच कोडबाहेर, वेगळ्या साध्या फाइलीत काढून ठेवली होती. ती मूळ भिंतीत खिळा ठोकण्याच्या अनुभवाची शिकवण. नऊच्या नऊ प्रश्न उचलून नव्या घरात आणले.

आणले, आणि मग एक कमी केला. जेब्राउझ 2 मध्ये गुणसूत्रांच्या पर्यायी नावांची यादी देता येते. हे सीए1, यालाच तिकडे अमुक क्रमांक म्हणतात, असं एकदा सांगून ठेवलं की ब्राउझर दोन्ही नावं ओळखतो. मी आमच्याकडे येणाऱ्या सगळ्या नावांची यादी करून दिली. त्यानंतर ज्या कारणाने परभणीच्या मुलाचे चार दिवस गेले, त्या कारणाने कुणाचा ट्रॅक रिकामा राहिला नाही. ते उत्तर मेनूतून काढून टाकताना मला जो आनंद झाला, तो ते लिहिताना झालेला नव्हता. इतकी वर्षं मी चांगलं उत्तर कसं लिहावं याचा विचार करत होते आणि तो प्रश्नच पडू नये अशी सोय करता येईल का, हे विचारायला मला आठ वर्षं लागली. जेब्राउझ 1 मध्येही नावं बदलून देणारी एक छोटी स्क्रिप्ट सर्व्हरवर ठेवता आली असती. तेव्हा सुचलं नाही, ही माझीच उणीव.

सध्या मेनूत प्रश्नांच्या आठ ओळी आहेत. त्यांतल्या सातवीचं उत्तर मी लिहिलेलं नाही. 'काल दिसत होतं, आज नाही' या प्रश्नाचं माझं उत्तर लांबलचक होतं. मागच्या वर्षी एका मुलीने ते खोडून दोन वाक्यांत लिहिलं, दुसऱ्या एका मुलाने ते तीन संगणकांवर करून पाहिलं आणि खाली आपलं नाव घातलं. ते माझ्या उत्तरापेक्षा चांगलं आहे.

वही आता दुसरी चालू आहे. ती माझ्या टेबलावर नसते. वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत, पाण्याच्या मशीनशेजारच्या खिळ्याला ती सुतळीने बांधलेली आहे, सोबत एक पेन. माझ्यापर्यंत यायला संकोच वाटणारी मुलं तिथे पाणी प्यायला येतातच. काल संध्याकाळी पाहिलं तेव्हा तिच्यात नवीन अक्षरात एक ओळ होती: 'मोठं केलं की अक्षरं दिसतात, पण खालच्या तीन-तीनच्या रंगीत चौकटी कसल्या?' हा प्रश्न अकरा वर्षांत मला कुणी विचारला नव्हता. उत्तर लिहायला घेतलं आहे.